शिट्टी ऐकू न येणारी जागा

वाघमारे गार्डसाहेब माझ्या मोजणीकडे बघतच नव्हते. सगळं लक्ष मनगटावरच्या घड्याळाकडे. टेकडीच्या पायथ्याशी, उंबराखाली, ते कान टवकारून उभे होते. पाच मिनिटांनी म्हणाले, "गाडी गेली. इथं शिट्टी येत नाही."

सत्तरच्या दशकातली गोष्ट. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका. मी तिथल्या भूमापन कचेरीत सर्व्हेअर. गार्डसाहेब रेल्वेतून नुकतेच रिटायर झालेले. सगळी नोकरी रुळालगतच्या क्वार्टरमध्ये काढलेली, झोपेतसुद्धा शिट्टी. आता घर बांधायचं ते शिट्टी ऐकू न येणाऱ्या जागी, असं त्यांनी ठरवलं. बायको म्हणायची, ह्यांना वेड लागलंय. पण पठ्ठ्यानं नरसीच्या वाटेवरच्या टेकड्या सायकलवरून महिनाभर पालथ्या घातल्या आणि ही एक शोधली. टेकडीवर वारं यायचं, आणि वाऱ्याबरोबर शिट्टीही. खाली मात्र दोन उंचवट्यांच्या मधे एक सपाट जागा होती. तिथं हा उंबर आणि उन्हाळ्यातही न आटणारा झिरा. घर इथंच, हे त्यांच्या मनात पक्कं झालेलं.

टेकडी गयाबाईंची. नवरा वारलेला, दोन मुलगे मेंढरं राखायचे. दोन एकर खडकाळ उतार विकायचा आणि गावाजवळ काळ्या रानाचा तुकडा घ्यायचा, असा बाईंचा बेत. इसारपावतीवर लिहिलं होतं: वरच्या मोठ्या धोंड्यापासून खाली दहा साखळ्या, रुंदी आठ साखळ्या. आमची साखळी तेहतीस फुटांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. दहा आठे ऐंशी, झाले दोन एकर. यात डोकं चालवण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं, आणि तिथंच माती खाल्ली.

साखळी धरणारे रहीमभाई नोकरीत माझ्यापेक्षा जुने. त्यांनी विचारलं, "साब, आडी पकडूं क्या?" मी म्हणालो, राहू द्या, ऊन चढायच्या आत उरकू. साखळी उतारावर जमिनीला टेकून खाली गेली. दहावी साखळी उंबराच्या जरा वरच संपली. मी दगड रोवला. झिरा आणि सपाट जागा गयाबाईंकडेच राहिली.

गार्डसाहेबांचा चेहरा पडला. पण माणूस शिस्तीचा. मोजणीत नाही आलं तर नाही आलं, म्हणाले. गयाबाईंनी आम्हा तिघांना ताक दिलं.

दोन दिवसांनी नकाशा काढायला बसलो, तर जुन्या नकाशाशी आकडे जुळेनात. पुन्हा मांडले, तरी तेच. मग डोक्यात प्रकाश पडला. अहो, नकाशा सपाट असतो! डोंगर कितीही तिरपा असो, कागदावर त्याची लांबी आडवीच धरतात. म्हणून उतारावर साखळी हवेत आडवी ताणायची, टोकाला ओळंबा सोडायचा आणि तो टेकेल तिथून पुढं मोजायचं. पायऱ्या उतरतो तसं. रहीमभाई तेच विचारत होते. मी आपला कयाधूकाठच्या सपाट रानात मोजण्या केलेला शहाणा.

खरी हद्द आणखी अठरा फूट खाली जात होती. म्हणजे झिरा, उंबर, बरीचशी सपाट जागा, सगळं गार्डसाहेबांचं.

खोटं कशाला बोलू, गप्प बसावंसं वाटलं. बाई खूश होत्या, गार्डसाहेबांनी मान्य केलं होतं. कोण बघायला येतंय? दिवसभर फाईल खणात ठेवली. पण थोड्या थोड्या वेळानं खण उघडून तीच बघायचो. शेवटी संध्याकाळी कचेरीतल्या वरिष्ठ साहेबांसमोर जाऊन उभा राहिलो.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "नोकरीला किती वर्षं झाली?"

"बारा, साहेब."

"बारा वर्षांत साखळी आडवी धरायला शिकला नाहीत. जा, फेरमोजणी करा. आणि दोघांनाही स्वतःच्या तोंडानं सांगा. नोटिशीआड लपू नका."

पुन्हा टेकडीवर गेलो. या खेपेला रहीमभाई सांगतील तसं मोजलं. चूक माझी, हे आधीच दोघांना सांगितलं होतं, पण ओळंबा झिऱ्याच्या पलीकडं टेकला तेव्हा माझी मान वर होईना. गयाबाई धावत आल्या.

"साहेब, आमी खडक इकला. पाणी न्हाई इकलं."

मी कागद दाखवला. धोंड्यापासून दहा साखळ्या, खाली त्यांचा अंगठा. बाई म्हणाल्या, तवा पाण्याचं कुणी बोललंच न्हाई. मेंढरं दुसरीकडं कुठं नेऊ? उन्हाळ्यात दोन कोसांवर पाणी. लेकरं पांगतील, मेंढरं मरतील. त्या रडल्या नाहीत. झिऱ्याजवळ जाऊन बसल्या, एवढंच.

गार्डसाहेब कितीतरी वेळ उंबराखाली उभे होते. गाडीची वेळ झाली. त्यांनी घड्याळ पाहिलं, कान दिला. शिट्टी आली नाही. त्यांना हवी होती तशी जागा, आणि आता कायद्यानंही त्यांचीच. मग ते माझ्याकडे आले.

"आमच्या गावात माझी आई विहिरीपासून लांब घागर घेऊन उभी राहायची. कोणी वरून ओतलं तर पाणी. मी तिचा पदर धरून असायचो." त्यांनी झिऱ्याकडे पाहिलं. "आता मला विहिरीच्या बाजूला उभं राहून कुणाला थांबवायचं नाही. पहिला दगड आहे तिथंच ठेवा. कमी पडलेलं वरून भरून द्या."

वरची जागा गयाबाईंचीच होती, त्यामुळे अडचण नव्हती. तरी मी म्हणालो, "साहेब, घर मग वरच बांधावं लागेल. तिथं शिट्टी येते."

"येते," ते म्हणाले आणि चालायला लागले.

गयाबाई उठल्या. त्यांना हाक मारून म्हणाल्या, "गारडसाहेब, घराला पाणी इथूनच न्यायचं. कुणाला इचारायचं न्हाई."

खरेदीखतात हद्द तशीच लिहिली. मला कचेरीतल्या साहेबांकडून लेखी ताकीद मिळाली, आणि ती योग्यच होती.

चार वर्षांनी कळमनुरीहून येताना मुद्दाम वाट वाकडी करून गेलो. टेकडीवर पत्र्याचं बैठं घर. खाली झिऱ्यावर मेंढरं. गयाबाईंचा थोरला मुलगा पाण्याची घागर वर घेऊन येत होता. आम्ही चहाला बसलो, तेवढ्यात लांबून शिट्टी आली. गार्डसाहेबांचा हात आपोआप मनगटाकडे गेला.

"बारा मिनिटं लेट," ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले. आतून बायकोचा आवाज आला, "रोजचंच आहे हे."

पुढं माझ्या हाताखाली नवे सर्व्हेअर आले. उतारावर साखळी आडवी धरायची, हे ते पुस्तकातून शिकून यायचे. मी एवढंच सांगायचो, की साखळीवाला काही विचारत असेल तर थांबा, आणि दगड रोवण्याआधी तिथं पाण्याला कोण येतं ते बघा.