गफूरभाईंनी सांगितलं होतं

गफूरभाई गेल्याचं मला जालन्याच्या मस्तगडात, चहा पिताना कळलं. सांगणाऱ्यानं लगेच पुढं जोडलं, "हात चांगला होता त्यांचा. पण गुरुजी, तुमच्या गाडीत फसले ना!" मी चहा तसाच ठेवून उठलो. मयतीला गेलो, माती दिली, पण बोललो नाही... त्याला महिना झाला. आता बोलतो.

गफूरभाई जालन्यातले जुने मेकॅनिक. तापलेली गाडी आली की बॉनेट उघडण्याआधी ते मालकाला बोलतं करायचे. "पहिले सांगा, कधी तापती? उभी असताना का पळताना?" उभ्या गाडीचा काटा चढत असेल तर आधी पंखा पाहायचे, पळताना चढत असेल तर रेडिएटर. घाईनं रेडिएटरचं झाकण फिरवू पाहणाऱ्यावर ओरडायचे, "तोंड भाजून घ्यायचं का? थंड होऊ द्या बिलकुल!"

माझी गाडी पळताना तापायची. मी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतत होतो, त्याच्या क्षारांनी रेडिएटर कोंडला होता. "दोन दिवस ठेवा," ते म्हणाले. पण दुसऱ्याच दिवशी, मुलीला पाहायला आलेल्या पाहुण्यांना जांब समर्थला दर्शनाला न्यायचं होतं, म्हणून मी गाडी तशीच परत मागितली.

"मंग ऐका. काटा चढला की एसी बंद, काचा खाली, हीटर फुल. इंजिनाची गर्मी आत खेचल. जल्दी बाजूला घ्या अन् बंद करा."

"मे महिन्यात हीटर?"

"पाहुन्याला घाम येईल, गुरुजी. इंजिन तर वाचल."

अंबडच्या पुढं काटा लाल रेघेला भिडला. होणारे व्याही शेजारीच बसले होते. माझा हात हीटरकडं गेला आणि परत आला. मुलीच्या बापाची गाडी खटारा आहे असं त्यांना वाटायला नको होतं. एसी चालू ठेवून मी गाडी तशीच रेटली... आणि इंजिन जाम झालं.

"दाखवली नव्हती का कुणाला?" व्याह्यांनी विचारलं.

"कालच गफूरभाईंकडून आणली," मी म्हणालो.

वाक्य खरं होतं. मुख्याध्यापकाचं वाक्य, त्यामुळे गावानं ते जसंच्या तसं उचललं. जीपवाले दुसरीकडं जाऊ लागले. पुढं एकदा गफूरभाई रस्त्यात भेटले, तेव्हा एवढंच म्हणाले, "तुमी खोटं बोल्ले न्हाई, गुरुजी. पुरं बोल्ले न्हाई." मी नमस्कार करून पुढं निघालो.

मुलीची सोयरीक त्याच घरात झाली. हा लेख तिला फोनवर वाचून दाखवला तर ती घाबरली. "बाबा, सासरचे सगळे वाचतील. आता गेले ना ते, काय उपयोग?"

"ते गेले. त्यांच्यावरचा ठपका गेला नाही. आणि तुझ्या सासऱ्यांनी तर सगळ्यात आधी वाचावं."

मग ती म्हणाली, "एसी चालू ठेवल्याचं खोडू नका मंग."

गॅरेज आता त्यांचा मुलगा सलीम चालवतो. परवा मी माझी आताची गाडी कूलंट बदलायला त्याच्याकडं नेली. संध्याकाळी घेऊन जा म्हणाला. मी म्हटलं, आठ दिवस राहू दे, अगदी रस्त्याच्या कडेला, नंबर दिसेल अशी. माझ्या शब्दावर ज्यांनी ते गॅरेज सोडलं, त्यांनी यावं. रोज सकाळी दहापासून मी तिथं बसलेला असतो. ज्याला काही विचारायचं असेल त्यानं मला विचारावं, सलीमला नाही.