माशी घसरली पाहिजे

माझा काका गाड्या रंगवतो. त्याच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची: एक तो स्वतः आणि दुसरी ज्यांना रंग मारता येत नाही ती. "माशी बसली तर घसरली पाहिजे," ही त्याची चांगल्या कामाची व्याख्या. गिऱ्हाईक गाडी न्यायला आलं की आधी त्याला बॉनेटमध्ये स्वतःचं तोंड बघायला लावणार, मगच किल्ली देणार. म्हणून सगळे त्याला 'आरसा' म्हणतात. या आरशाच्या स्वतःच्या दाढीत मात्र कायम प्रायमर वाळलेला असतो, ते सोडा.

गॅरेज आमचं एकत्र आहे. पुढच्या भागात मी चेपलेले पत्रे ठोकून सरळ करते, मागच्या भागात काका रंगवतो आणि वरच्या दोन खोल्यांत काका-काकूंचा संसार. मागच्या भिंतीत उंचावर एक झरोका आहे आणि त्याच्या पलीकडे कालवा. त्या झरोक्यातून दरवर्षी भिंगऱ्यांची जोडी आत यायची. काळीनिळी पाठ, कात्रीसारखी शेपटी, अंगात नुसता वारा! कालव्याच्या काठचा चिखल चोचीत आणून त्या तुळईवर वाटीएवढं घरटं बांधायच्या.

काकूचा जीव त्या भिंगऱ्यांत. चहाचा कप घेऊन ती जिन्यावर बसायची आणि तिची मालिका सुरू व्हायची. "बघ, आला गं चिखल घेऊन. ही आत बसून नुसती हुकूम सोडते. आणि त्या चिमण्या बघ, टपल्यात मेल्या! स्वतः काडी हलवायची नाही, दुसऱ्याचं घर तयार झालं की घुसायचं." खाली आमचा बोका, त्याचं नाव मॅनेजर, कारण तो काही काम न करता सगळ्यांवर नजर ठेवतो. पिल्लू खाली पडायची वाट बघत तो तुळईखाली ठाण मांडायचा आणि काकू वरून त्याच्यावर पाणी ओतायची. एकंदर आमच्या गॅरेजात माणसांपेक्षा बाकीच्यांचेच व्यवहार जास्त.

तर त्या वर्षी एका डॉक्टरीणबाईंची काळी गाडी आली. काळा रंग म्हणजे रंगाऱ्याची परीक्षा, त्यात काहीही लपत नाही. काकाने जीव ओतला. शेवटचा चकाकीच्या लॅकरचा हात मारला, रंगाची गन खाली ठेवली, दोन पावलं मागे सरकून डोळे बारीक केले. आणि वरून पच्च! बॉनेटच्या बरोब्बर मधोमध.

काकाच्या अंगाची लाही लाही झाली. त्याने बांबू उचलला आणि एका फटक्यात घरटं खाली. अंडी अजून घातलेली नव्हती, तेवढं नशीब. फरशीवर मातीची ढेकळं आणि दोन पिसं. भिंगऱ्या झरोक्यातून आत आल्या, तुळईपाशी फडफडल्या, परत फिरल्या, पुन्हा आल्या. काकू जिन्यावर उभी राहून सगळं बघत होती.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती वर गेली, बॅग भरून खाली आली. "अहो, दुसऱ्याचं घर मोडायला तुम्हाला काही वाटलं नाही. मी चालले भावाकडे. त्या परत आल्या की मीही येईन."

"पाखरांसाठी घर सोडतेस?" काका म्हणाला.

"तुम्ही एका डागासाठी त्यांचं मोडलंत," काकू म्हणाली आणि गेली.

"जाऊ दे, येईल दोन दिवसांनी," काका मला म्हणाला. ती काही आली नाही. आली ती चिलटं.

कालव्यावरून संध्याकाळी चिलटांचे ढग उठायचे, पण ते कधी आमच्यापर्यंत पोचलेच नव्हते. झरोक्याच्या तोंडाशीच भिंगऱ्या त्यांचा फडशा पाडायच्या. आता दाराशी कोणी राखणदार नाही. काकाने बॉनेट घासून पुन्हा काळं केलं आणि तासाभरात त्या काळ्या आरशाला दाढी फुटली. एकूण एक चिलट पाय वर करून लॅकरमध्ये चिकटलेलं.

मग काकाने डोकं चालवलं. तिथेच घात झाला. चिलटं दिव्याकडे जातात ना, मग कोपऱ्यात मोठा दिवा लावला. चिलटं गेली खरी, पण कालव्यापलीकडचीही पाहुणी आली. चिलटं आली म्हणून भिंतीवर पाली आल्या. त्यातली एक जाडजूड पाल तोल जाऊन पडली ती थेट ओल्या बॉनेटवर, आणि नक्षी काढत निघाली. पाल दिसल्यावर मॅनेजरने आयुष्यात पहिल्यांदा कामाला हात घातला. उडी मारली! पाल निसटली, बोका मात्र बॉनेटवरून काचेपर्यंत घसरत गेला आणि चारी पाय काळे करून माझ्या पांढऱ्या प्रायमर मारलेल्या दारावरून पळाला. मी हसून हसून हातोडी टाकली. काका हसला नाही. तो बादली उपडी घालून तिच्यावर बसला. "तिला हे सांगायला हवं होतं गं," तो म्हणाला. "ती किती हसली असती."

तेव्हा मला कळलं, गाडी गेली खड्ड्यात, या माणसाला करमत नाहीये. सकाळी उभ्या उभ्या कोरडा पाव चावायचा, जिन्याकडे पाठ करून. मी म्हटलं, "फोन कर की." तर म्हणे, "काय सांगू? पाखरं आली नाहीत म्हणून?" सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात तो हा.

भिंगऱ्या गेल्या नव्हत्या. बाहेरच्या तारेवर बसून असायच्या. पण घर बांधणार कशाने? नेमका त्याच दिवसांत कालव्याचा काठ सिमेंटने बांधून काढला होता. चिखलाचं नाव नाही. हे काकाच्या लक्षात आलं आणि त्याचे डोळे चमकले. "चिखल नाही तर नाही," तो म्हणाला. "घरटं मी करतो."

खरंच केलं! गाडीच्या पुट्टीचं. जुन्या घरट्याचं ढेकूळ समोर ठेवून अगदी तोच मातकट रंग जुळवला. आकार हुबेहूब. तुळईवर पक्कं बसवलं, दिवा काढून टाकला आणि आम्ही दोघं गाडीमागे लपून बसलो. नर आला. फेरी मारली. घरट्याला बिलगायला गेला आणि सर्रकन खाली! सावरून पुन्हा आला, पुन्हा सर्रकन. मग मादी आली. तीही घसरली. दोघं तारेवर जाऊन आमच्याकडे बघत बसले.

मी शिडी लावून वर चढले. घरट्यावरून बोट फिरवलं आणि कपाळावर हात मारला. त्यात मला माझं तोंड दिसत होतं.

"काका, याला लॅकर मारलास?"

"तीन हात," काका म्हणाला. "आधी वॉटर पेपरने घासून. मग काय खडबडीत ठेवायचं?"

मी त्याला न विचारता काकूला फोन लावला. "काकू, राहू नकोस, पण बघायला तरी ये. असं पुन्हा दिसायचं नाही."

काकू आली ती बॅग घेऊनच. बॅग जिन्याच्या पायरीवर ठेवली, शिडीवर चढली, घरट्यात स्वतःचं तोंड बघून कुंकू नीट करावं तसा कपाळावर हात नेला आणि तिथेच शिडीला धरून हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. काका खाली शिडी घट्ट धरून उभा. त्याने वर बघितलंच नाही.

"अहो," ती शेवटी म्हणाली, "पाय टेकायला काहीतरी खरखरीत लागतं हो. सगळंच गुळगुळीत केलंत तर कोण राहील?"

काकाने खणातला सर्वांत जाड पॉलिश पेपर काढला, वर चढला आणि स्वतःच्या हाताने स्वतःचं फिनिशिंग खरवडलं. मग त्याने दारासमोर माती कालवून चिखलाचं डबकं केलं. डॉक्टरीणबाईंचा बूट त्यात गेला, तर त्यांनाच म्हणाला, "बाई, जरा जपून, पाखरांचा माल आहे."

काकू राहिली, पण बॅग पायरीवरच. काका रोज जिना चढताना तिच्याकडे चोरून बघायचा आणि तिला धक्का न लावता अंग चोरून वर जायचा.

आणि मग घरट्यात बिऱ्हाड आलं. चिमण्यांचं! फुकट्यांनी आयतं घर बघितलं आणि गवत कोंबायला सुरुवात केली. काकाचा चेहरा पडला. तो सरळ काकूसमोर जाऊन उभा राहिला. "चिमण्या आल्यात गं. या नाही ना चालायच्या?"

काकूने त्याला हाताला धरून मागच्या भागात नेलं आणि वर बोट दाखवलं. भिंगऱ्यांनी त्याच्या डबक्यातला चिखल आणून दुसऱ्या तुळईवर पहिला थर लावला होता. ती तुळई नेमकी काकाच्या रंगवायच्या जागेवर.

"आता गाडी कुठे रंगवणार?" काकूने विचारलं.

"पुढे. हिच्या ठोकाठोकीच्या जागेत."

"तिथे धूळ आहे. वर चिलटंही बसतील रंगावर."

काकाने तुळईखालची रंगाची गन उचलली. "बसू देत," तो म्हणाला. "घासेन परत."

त्याला पुढे जागा करून द्यायला मी माझी हत्यारं जिन्याखाली हलवायला घेतली. मध्ये ती बॅग. बाजूला करावी म्हणून जोर लावून उचलली तर हातात अलगद वर आली. आत काहीच नव्हतं. मी वर बघितलं. जिन्यावर कप घेऊन बसलेल्या काकूने ओठांवर बोट ठेवलं.

"त्याला सांगू नकोस," ती हळूच म्हणाली. "पिल्लं उडेपर्यंत राहू दे तिथेच."