तूर्तास पुरेसे

"अहो, आज फळ्यावर 'तूर्तास' लिहिलंय!" जिन्यात कोणीतरी कुजबुजलं, आणि दहा मिनिटांत इमारतीतले सगळे नळ एकदम सुटले.

आमच्या सोसायटीत पाणी खडकवासल्याहून येत नाही. ते तळमजल्यावरच्या काकांच्या शब्दावर येतं. काका देशाच्या मध्यवर्ती बँकेतून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी टाकीच्या व्हॉल्व्हची चावी मागून घेतली. व्याजदर जाहीर होतो त्या दिवशी ते अजूनही इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीसमोर बसतात. व्हॉल्व्हपाशीही तोच थाट. एका वेळी पाव फेरा, जास्त नाही. "एकदम सोडलं की लोक गाड्या धुतात, एकदम आवळलं की भांडतात. कर्जाचंही तेच. स्वस्त केलं की उधळपट्टी न् महागाई, महाग केलं की धंदे सुकतात." सेक्रेटरीबाईंनी दिवाळीला जास्त पाणी मागितलं, तर म्हणाले, "सरकारलाही हेच हवं असतं. म्हणून तर चावी सरकारकडे नसते."

मी तिसऱ्या मजल्यावरची भाडेकरू. इंग्रजी शाळेत शिकलेली म्हणून काका मला 'महागाई' हा शब्दसुद्धा दोनदा, सावकाश सांगत. तीन वर्षांत मी 'हो काका'च्या पुढे गेले नव्हते.

जिन्याखालच्या फळ्यावर रोज त्यांच्या वळणदार अक्षरात एकच ओळ असे : 'पाणी पुरेसे आहे.' "निम्मं काम व्हॉल्व्ह करतो, निम्मं हा फळा," ते म्हणत. "भाव वाढणार असं सगळ्यांना वाटलं ना, की ते वाढतातच." त्या सकाळी पंप दुरुस्तीला गेला होता. टाकीत दिवसभराचं पाणी होतं, पण उद्याची खात्री नव्हती. काकांना खोटं लिहवेना. त्यांनी एक शब्द वाढवला : 'पाणी तूर्तास पुरेसे आहे.' दुपारी टाकी कोरडी.

संध्याकाळी पार्किंगमध्ये सभा भरली. "काका, आपोआप चालणारा व्हॉल्व्ह बसवू या," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "तुम्ही आता आराम करा."

काकांनी चावी रुमालाने पुसली आणि टेबलावर ठेवली. "शब्द माझाच होता," एवढंच म्हणाले. मग त्या हाताचं काय करावं हे त्यांना कळेना. रुमालाची घडी घालत राहिले, उलगडत राहिले.

मी उभी राहिले.

"टाकी काकांनी नाही रिकामी केली. आपण केली. माझ्याकडेच पाच बादल्या भरलेल्या आहेत."