विरोधात कोण?

दुपारची भांडी पालथी घालून मी मधल्या खोलीत आडवी पडते. झोपायचं नाहीच आहे मुळी. तीनच्या आत तहसीलला जाऊन सरपंचपदाचा अर्ज मागे घ्यायचाय; निदान भावकीने तसं ठरवून टाकलंय. आमच्या पिंपरखिंडीत वीस वर्षं निवडणूक झालेली नाही. सगळं बिनविरोध. वेशीवरच्या कमानीवर तसं कोरून ठेवलंय. हे ज्यांनी घडवलं ते माझे सासरे, आमचे मामंजी. ते जाऊन दोन वर्षं झाली, आणि त्यांच्याच सुनेने यंदा अर्ज भरला म्हणून गावात नुसती बोंबाबोंब.

भरला, कारण वरच्या आळीला पाणी का नाही हे विचारायला जागाच उरली नाही. ग्रामसभेला माणसं जमत नाहीत म्हणून सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा परत घेतली की माणसं लागतच नाहीत. चार जण बसतात, सर्वानुमते मंजूर करतात, चहा पितात. मी तोंडावर पदर ओढते. पंखा करकरतोय. करकर हळूहळू टाळ्यांची होते.

ग्रामपंचायतीचा हॉल आहे. मामंजी दारात वाकून चपला शोधतायत. तेच धोतर, तीच काळी टोपी.

"मामंजी, तुम्ही?" मी पदर सारखा करते.

"चपला सापडेनात गं. सभेला उशीर झाला."

"पण तुम्ही गेलात ना?"

"गेलो म्हणून काय सभेला यायचं नाही?" तोरा तसाच आहे.

मला इतका राग येतो की रडूच फुटतं. "तुमचं नाव पुढे करून मला मागे ओढतायत सगळे. सासऱ्याच्या नावाला काळं फासलं म्हणतात. सांगा ना, काय करू मी?"

हॉलचा आता देवळातला सभामंडप झालाय. समोर समई, आणि अख्खं गाव मांडी घालून बसलंय. सगळ्यांचे उजवे हात वर. कोणी खाली घेतच नाही. आमचे चुलत दीर प्रल्हाद भाऊजी एकट्या डाव्या हाताने तंबाखू मळायला बघतायत, जमत नाहीये.

"यांना हात खाली घ्यायला सांगा की."

"कधीचा सांगतोय. येत नाही त्यांना. सवय मीच लावली." मामंजी खांबाला टेकतात. "भांडण नको म्हणून केलं गं. निवडणूक आली की डोकी फुटायची, भाऊ भावाच्या मयताला जात नव्हता. बिनविरोध केलं तशी भांडणं थांबली. बोलणंही थांबलं. मला वाटलं, गाव शहाणं झालं."

"आता बाहेर सगळीकडे हेच चाललंय, मामंजी."

"ठाऊक आहे. इकडे देशोदेशीची माणसं भेटतात. भाषा कळत नाही, रडगाणं कळतं. आधी कोणीतरी म्हणालं, भांडू नका. मग म्हणालं, बोलू नका. माणसांना बरंच वाटलं, तेवढाच ताप कमी." ते टोपी काढून गुडघ्यावर ठेवतात. टोपीशिवाय मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. "हौसाबाई आठवते? वरच्या आळीची. भर सभेत उठून पाण्याचं विचारलं तिने. मी म्हटलं, हौसाबाई, घरी चहाला या, तिथं बोलू. सगळे हसले. ती बसली ती परत सभेला आलीच नाही, तशीच वारली. मी इथं शोधतोय तिला, सूनबाई. भेटत नाही."

मला त्यांची इतकी कीव येते. हात धरावासा वाटतो, पण सासऱ्याचा हात कसा धरायचा?

आम्ही माझ्या स्वयंपाकघरात आहोत. ते पाटावर बसून बशीतून चहा ओढतायत, नि मी विचारते, "मग आता करायचं काय?"

"सभा देवळात घेऊ नको. देवासमोर माणूस नाही म्हणत नाही. शाळेत घे. बायकांच्या भाकरीच्या वेळेला घेऊ नको. वरच्या आळीची वरच्या आळीत घे, तिथं त्या बोलतात. आणि पहिलं बोलायला लाव मागं बसलेल्याला."

"एवढ्याने होईल?"

"छे. एवढ्याने काय होतंय?" ते बशी खाली ठेवतात. "पण मी एवढंही केलं नाही. वीस वर्षांत एक गोष्ट मी कधी विचारलीच नाही. थेट 'मंजूर' म्हणायचो."

"काय विचारलं नाही?"

पुन्हा सभामंडप. सगळे हात वरच. मामंजी उभे राहतात, घसा खाकरतात. त्यांचा आवाज फुटत नाही. दुसऱ्यांदा प्रयत्न करतात. मग एखादं पोर धडा म्हणतं तसं, एकेक अक्षर सुटं करत म्हणतात, "विरोधात कोण?"

वर केलेले सगळे हात धाडकन खाली पडतात. मला माझा उचलायचाय, पण त्याच्यावर जणू जातं ठेवलंय. मामंजी कोपराखाली हात घालतात. "उचल गं, बाई," ते म्हणतात, "माझ्याच विरोधात उचल."

"अगं, ऊठ! जीप आलीय." आमच्या ह्यांचा आवाज.

मी डोळे उघडते. उजवा हात उशीवरून सरळ वर गेलाय, मुंग्यांनी बधिर. बांगड्या पार कोपराकडे सरकल्यात. बाकीच्या खाली येतात, एक हिरवी मात्र कोपराखाली रुतून बसलीय. ओढली तरी हलत नाही. भोवती लाल वळ उठलाय.

दारात प्रल्हाद भाऊजी. "चला वहिनी, वेळ होतोय. काकांच्या नावासाठी तरी."

"भाऊजी, एकदा विचारा की, विरोधात कोण."

"काय?"

"विचारा तर."

ते विचारत नाहीत. ह्यांच्याकडे बघतात, हे जमिनीकडे. मग मी न विचारताच हात वर करते. अजून मुंग्या आहेत, पण हात वर आहे. बांगडी तिथंच आहे.