न बुडालेला कॅमेरा
परवा मुलीने माझा जुना, रबरी कडांचा कॅमेरा चार्जिंगला लावला आणि दाभोशाच्या नदीचा शेवाळी वास मला पुन्हा आला. जव्हारच्या एका कार्यालयात मी लिपिक होतो. साहेबांची बदली झाली, तेव्हा निरोपाची भेट आणायला मला नाशिकला धाडलं. साहेब पाड्यांवर चिखलपाण्यात फिरायचे, म्हणून दुकानदाराने दोनदा जमिनीवर आपटून दाखवलेला कॅमेराच मी निवडला. पण निरोपाच्या दिवशीच बदली रद्द झाली. "तुम्ही निवडलात ना, आता कामांचे फोटो तुम्हीच काढा," म्हणत साहेबांनी तो माझ्या गळ्यात अडकवला. बायको-मुलगी गावी होती, म्हणून पुढे मी केलेला बदलीचा अर्ज ते दर वेळी न वाचताच परत करत. "तुम्हाला सोडलं तर फोटो कोण काढणार?" एकदा सुट्टीत गावी गेलो, तर माझी चिमुरडी मला पाहून दारातूनच आत ओरडली, "आई, काका आलेत." त्यानंतर दाभोशाला बंधाऱ्याचे फोटो काढताना मी आजूबाजूला पाहिलं आणि कॅमेरा हळूच डोहात सोडला. "पडला," एवढंच म्हणालो. बंधाऱ्यावरच्या एका मजुराने सदऱ्यासकट बुडी मारली आणि तो वर काढला. "घ्या सायब, चालू हाय." तो इतका खुशीत होता, की मला त्याचाच फोटो काढावा लागला. परवा मुलीने तो फोटो उघडला. "बाबा, हे काका कोण?" तिने विचारलं, आणि मी पुन्हा त्या दारात उभा राहिलो.