भिंतीमागच्या काकू

वारज्याहून स्वारगेटला जाणाऱ्या बसमध्ये त्या रोज खिडकीशी बसायच्या. पन्नाशीच्या असतील. सुती साडी, मांडीवर डब्याची पिशवी, कानात इयरफोन आणि मोबाइलवर बंदुकांचा खेळ. मटार सोलावेत तसे दोन्ही अंगठे शांतपणे चालवायच्या. मधूनच खेळातल्या कुणाला तरी हळू आवाजात सुनवायच्या, "अहो, भिंतीमागे थांबा. पुढे काय पंगत बसलीय?"

माझी मुलगी कॉलेजातून आली की दार लावून हाच खेळ खेळायची, अनोळखी लोकांशी तासन्‌तास बोलायची. मला ते खुपत होतं. आज तिला खेळ बंद करायला सांगायचंच, असं एका सकाळी ठरवून निघालो आणि नेमकी या बाईंच्या शेजारी जागा मिळाली. न राहवून विचारलं, "ही माणसं कोण, कुठली, आपल्याला माहीत असतं?"

"नसतं," त्या मोबाइलवरची नजर न काढता म्हणाल्या. "या बसमधल्यांचं तरी कुठे असतं? पोरं आधी फार शिव्या द्यायची. एकदा म्हटलं, मी ऐकतेय हं. तेव्हापासून काकू म्हणतात आणि जीभ सांभाळतात."

संध्याकाळी मुलीचं दार वाजवायला हात उचलला, तेवढ्यात आतून तिचा आवाज आला, "काकू, तुम्ही भिंतीमागेच थांबा. मी जाते पुढे."

त्या याच काकू की दुसऱ्या कुणी, ते मी कधीच विचारलं नाही. उचललेला हात खाली घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन दोघांचा चहा टाकला.