सातवा अंगठा

परवा बँकेत शाईच्या पॅडचा वास आला आणि आमच्या महाल भागातल्या घराची ओसरी आठवली. सत्तर सालाच्या सुमारास आम्ही सहा मित्र मोहल्ल्यासाठी सेवा मंडळ काढत होतो. नोंदणीला सात जण लागायचे, सकाळी अर्ज द्यायचा होता आणि सातव्याने ऐनवेळी अंग काढून घेतलं. दारोदार फिरून आम्ही तोंडं पाडून बसलो.

मोहल्ल्यातल्या प्रत्येक आजाऱ्याच्या उशाशी बसणारी माझी थोरली बहीण चहा घेऊन आली.

"मी आहो ना गा. मले काहून नाही विचारत?"

कोणाला सुचलंच नव्हतं! तिने अंगठा उमटवला, शाई पदराला पुसली. आम्हाला हायसं वाटलं. लाज आता वाटते. एवढंच बरं, त्या दिवशी कपबशा आम्ही विसळल्या.